जर्सी एक, तोंडं सहा दिशांना

मोबाईल खिशात घाला आणि इकडं बघा. घाटमाथ्यावरचे तुमचे फोटो पोहोचले माझ्यापर्यंत. सहाजण, एका रंगाच्या जर्सी, दंडाला दंड, अंगठे वर आणि खाली लिहिलंय, 'आम्ही सारे एक'. लाज नाही वाटली लिहिताना? उजव्या टोकाला उभा असलेला पोरगा त्या फोटोत हसत नाही, हे तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? परवाच्या तुळजापूरच्या सायकल शर्यतीत तो पुढं होता तेव्हाही तो तुमचा आहे हे तुमच्या लक्षात नव्हतं.

हरल्याबद्दल बोलायला मी आलेलो नाही. या खेळात पहिला एकच येतो, बाकी सगळे हरतात. तुमच्याहून दमदार पोरं तुमच्या पुढं निघून गेली असती, तर मी टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. परवा तसं झालं नाही. परवा सोलापूरकराला सोलापूरकरांनीच पाडलं आणि ते मी मागच्या जीपमधून या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा 'सर, त्याचं काय झालं की' असं सुरू करू नका. काय झालं ते मी सांगतो.

हिप्परग्याचा तलाव मागं पडला, तामलवाडीचा टोलनाका गेला आणि तिघंजण घोळक्यातून सुटले. एक लातूरचा, एक सांगलीचा आणि एक आपला, तुमच्यातला सगळ्यात धाकटा. तिघांनी पाळी धरली, वेग बांधला आणि बघता बघता सव्वा मिनिटाचं अंतर टाकलं. आता मला सांगा, मागं उरलेल्या तुम्हा पाचजणांचं काम काय होतं?

काहीही न करणं! एवढंच काम होतं. घोळक्याच्या पोटात बसायचं, पाणी प्यायचं, दोन घास खायचे आणि गंमत बघायची. ज्यांचा एकही माणूस पुढं नव्हता, त्या पुण्याच्या आणि बारामतीच्या पोरांना पाठलाग करावा लागणार होता. त्यांनी ओढायचं, दमायचं, एकमेकांवर खेकसायचं. आपला माणूस पकडला गेला असता, तरी ताज्या पायांचे पाच सोलापूरकर घाटाच्या पायथ्याशी तयार असते आणि पुणेकरांची जीभ बाहेर आलेली असती. जगात इतकं सोपं काम दुसरं नाही, आणि तेही तुम्हाला जमलं नाही.

तुम्ही काय केलंत? निळ्या चष्म्याचा तू, तुला पाय कसे चाललेत ते बघायची हुक्की आली म्हणून तू पुढं आलास. तू पुढं दिसलास म्हणून या दाढीवाल्याच्या पोटात दुखलं. हा तुझ्या पुढं गेला. मग उरलेल्या तिघांना वाटलं, आपण मागं राहिलो तर उद्या कट्ट्यावर ऐकून घ्यावं लागेल. पाचही जणांनी मिळून घोळका असा ओढला की बघणाऱ्याला वाटावं, पुढं कुणी चोर पळतोय. पुण्याची पोरं तुमच्या मागं आरामात बसली होती. त्यातला एकजण तर केळं सोलत होता, मी पाहिलं. तुम्ही फुकटात ओढताय म्हटल्यावर त्यानं का ओढावं? घाटाच्या पायथ्याशी धाकटा सापडला, तुमची फुप्फुसं तोंडात आली आणि केळं खाल्लेला पोरगा वर निघून गेला. आपला पहिला माणूस अकरावा.

'सर, आम्ही त्याला मदतीला जात होतो.' वा! मदतीला जायचं तर एकट्यानं निसटून जावं, मागं तीस माणसांची वरात घेऊन नव्हे. एकट्यानं सुटायची ताकद नव्हती ना? मग हँडलवर हात ठेवून गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हीसुद्धा मदत असते. पण तुमचा सगळा पिंड दिसण्याचा. काम दिसलं नाही तर ते केलंच नाही, असं तुम्हाला वाटतं.

दुसरा म्हणतो, 'पण सर, लीडर मीच आहे ना?' कुणी केलं तुला लीडर? तुझी सायकल सगळ्यांत महाग आहे म्हणून? लीडर जीपमध्ये ठरत नाही आणि दुकानातही ठरत नाही. शर्यत सुरू झाली, धाकटा सव्वा मिनिट पुढं गेला, त्या क्षणी लीडर तो झाला. एवढी अक्कल रस्त्यावर दोन मिनिटांत यायला हवी. तुझ्या मानानं ती येऊ दिली नाही.

आता फळ्याकडं बघा. मी गणित शिकवायचो, त्यामुळं तुम्हाला हे चुकणार नाही.

ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. सपाटीवर तुमची बरीचशी ताकद हवा फाडण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि हवा फाडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात. तुम्ही वेग 36 वरून 40 वर नेलात. 40 भागिले 36 किती? 1.11. त्याचा घन? 1.37. म्हणजे वेग वाढवला नवव्या हिश्शानं आणि हवेचं भाडं भरलंत तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तुमच्या चाकाला चिकटून बसलेल्याला साधारण तीस टक्के ताकद कमी लागते. 1.37 चे सत्तर टक्के करा. 0.96 आले. याचा अर्थ कळतो का? तुम्ही 40 नं मरत होता, तेव्हा तुमच्या मागचा पुणेकर हवेशी जेवढं झुंजत होता, ते एकट्यानं 36 नं चालवणाऱ्यापेक्षाही कमी होतं. तुम्ही त्याला सोलापूरहून तुळजापूरला फुकट नेऊन सोडलंत. भाडं तरी मागायचं होतं!

आणि याच हिशेबात पुढची ओळ वाचा. घाटात वेग बारा-पंधरावर येतो. तिथं हवेचं काही चालत नाही, वजन आणि पाय एवढंच उरतं. दुसऱ्याच्या आडोशाला बसून घाट चढता येत नाही. म्हणून तुळजापूरच्या शर्यतीत जे वाचवायचं ते सपाटीवर वाचवायचं असतं आणि जे खर्चायचं ते घाटात. तुम्ही नेमकं उलटं केलंत. सपाटीवर सावकार आणि घाटात भिकारी.

बरं, ओढायचंच होतं तर निदान ओढता तरी यायला हवं होतं. पाचजण पाळीनं पुढं येताना एकालाही वेग सांभाळता आला नाही. पुढच्यानं बाजूला सरकून वाट दिली की तुम्ही कोपर वाकवून जोर मारता, वेग तीन-चारनं वाढतो, मागची रांग ताणली जाते आणि नुकता पाळी करून मागं गेलेला गडी शेपटाला चिकटण्याआधीच सुटतो. स्वतःच्याच माणसाला दोनदा मारायची ही कला कुठून शिकलात? पाळी म्हणजे वेग वाढवणं नाही, आहे तो वेग पुढं नेणं. काट्यावर 36 दिसत असेल तर तू पुढं आल्यावरही 36 च दिसायला हवा. पाय हलका कर, ज्याची पाळी संपली त्याला मागं जाऊ दे. आणि पाळी छोटी घे. अर्धा मिनिट पुरे. छाती फुगवून तीन मिनिटं पुढं राहणाऱ्याला मी शूर म्हणत नाही, मी त्याला हिशेब न येणारा म्हणतो.

त्यात तो वारा. सोलापुरात पाऊस येवो न येवो, आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा चुकत नाही. तुळजापूरचा रस्ता उत्तरेकडं जातो, म्हणजे वारा डाव्या कानावर. अशा वाऱ्यात आडोसा पुढच्याच्या नेमका मागं नसतो, तो मागं आणि उजवीकडं असतो. पुढच्यानं डाव्या कडेला राहायचं आणि बाकीच्यांनी तिरकी ओळ धरून उजवीकडं पसरायचं, आपली लेन संपेपर्यंत. लेन संपली की तिथं दुसरी तिरकी ओळ सुरू करायची. तुम्ही पाचही जण डाव्या पांढऱ्या पट्टीला मुंग्यांसारखे चिकटला होता. पुढचाही वारा खातोय आणि मागचाही वारा खातोय. शर्यतीत पुढं पायलट गाडी होती, लेन मोकळी होती, म्हणून हे करता आलं असतं. रोजच्या सरावात हायवेवर असं पसराल तर मी स्वतः येऊन कान धरीन. तिरक्या ओळीचा सराव रिकाम्या गावरस्त्यावर करायचा, ट्रकांच्या मधे नाही.

आता पडापडीचं. परवा दोघं पडले आणि दोघंही आपले. दोष कुणाचा, यावर तुमची अजून भांडणं चालू आहेत. पुन्हा फळ्याकडं बघा. सेकंदाला 10 मीटर. डोळ्यानं बघून बोटानं ब्रेक दाबेपर्यंत अर्धा सेकंद गेला, म्हणजे पाच मीटर गेले. तुमच्या पुढच्या चाकात आणि पुढच्याच्या मागच्या चाकात अंतर किती? अर्धा मीटर. म्हणजे त्यानं अचानक ब्रेक मारला तर तुमची सुटका डोळे करणार नाहीत, मेंदूही करणार नाही. तुमची सुटका फक्त त्याचा हात आणि त्याचा आवाज करणार आहे. खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा आणि ओरडायचं. स्पीडब्रेकर असला तर पन्नास पावलं आधी. खडी असली तर हात हलवायचा. तुम्ही काय करता? खड्डा दिसला की स्वतः झटका देऊन वाचता आणि मागच्याला त्यात पाठवता. वर विचारता, 'काय बे, बघून चालव की!' त्यानं काय बघायचं? त्याला तुझ्या पाठीशिवाय काही दिसतच नाही!

आणि चाकावर चाक चढवायची खोड सोडा. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक घुसवून बसायचं, म्हणजे आपण अर्धं पाऊल पुढं दिसतो. पुढचा जरा सरकला आणि चाकाला चाक लागलं, तर पडतो कोण? पुढचा नाही. पुढचा हलतो आणि जातो. पुढचं चाक अडकतं त्याचं, जो मागं आहे. म्हणजे मिरवायचं तुम्ही, पडायचंही तुम्ही आणि तुमच्या अंगावरून मागचे दहाजण. परवाचा खरचटलेला कोपर हे त्याचं उत्तर आहे. त्यात वादाला जागा नाही.

हेल्मेटचं बोलू की नको? घाट चढताना गरम होतं म्हणून हँडलला अडकवलेलं, आणि वर पोहोचल्यावर केस विंचरून फोटो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं हेल्मेट सक्तीचं केलं ते 2003 साली. त्या मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह पडला, डोक्याला मार लागला आणि गेला. हेल्मेट नव्हतं. तो व्यावसायिक होता, तुमच्याहून कितीतरी सरस सायकल चालवणारा. तुमचं डोकं त्याच्याहून कठीण आहे असा तुमचा समज असेल, तर परवाची शर्यत बघून मीही तो मान्य करीन. तरी हेल्मेट घाला.

रस्ता तुमच्या एकट्याचा नाही, हेही कळू द्या. कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर देवीला चालत निघालेली माणसं असतात. तिथं सायकलीची घंटी वाजवत वेग मारायला जाणारा सोलापूरचा नव्हे. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या रस्त्यांवर दिंड्या असतात, त्या दिवसांत दुसरा रस्ता धरा. आणि ऊस सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात, मागं ना दिवा, ना चमकणारी पट्टी, वर ऊस बाहेर लोंबलेला. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय हायवेवर चाक टाकायचं नाही आणि मागचा लाल दिवा नसेल त्यानं गल्लीतसुद्धा यायचं नाही. तुमच्या घरी आई जागी असते पोरगा परत येईपर्यंत, मला तिचे फोन येतात. तुम्हाला येत नाहीत, कारण तुमचे फोन सायकलच्या काट्याला जोडलेले असतात.

हो, त्या सायकलींबद्दलही बोलतो. मध्यंतरी तुमच्यातल्या एकानं सायकलवरचं अर्धा किलो वजन कमी करायला एवढे पैसे घातले की त्यात घरी फ्रिज आला असता. पुन्हा गणित. माणूस 75 किलो, सायकल 8, एकूण 83. अर्धा किलो म्हणजे शेकडा 0.6. दहा मिनिटांच्या चढावर बचत किती? साडेतीन सेकंद. परवा सपाटीवर तुम्ही सव्वा मिनिट फुकट वाटलंत. म्हणजे दुकानात जाऊन साडेतीन सेकंद विकत आणायचे आणि रस्त्यावर पंचाहत्तर सेकंद दान करायचे, हा तुमचा व्यवहार. आंतरराष्ट्रीय नियमानं 6.8 किलोंहून हलकी सायकल शर्यतीत चालतही नाही. तुमचं अडतंय ते सायकलच्या वजनापाशी नाही. पोटाचं बघा, आणि त्याहून डोक्याचं.

ते स्ट्राव्हा ॲपवरचे मुकुटही उतरवा. रिकाम्या रस्त्यावर, पाठीवर वारा घेऊन, होटगी रोडचा दोन किलोमीटरचा तुकडा कुणी किती सेकंदात मारला, यावर अख्खा आठवडा तुमची मैत्री मोडते. त्या मुकुटानं शर्यतीत एकालाही पुढं नेलं नाही. शर्यतीत समोरून वारा येतो, बाजूला माणूस असतो आणि दोन तासांनंतरचे पाय असतात. त्याची पाटी मोबाईलवर लागत नाही.

खाण्याचं तर काय बोलावं! एवढ्या जोराची शर्यत, आणि तुमच्यातल्या दोघांच्या खिशात काहीच नव्हतं. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात पंचवीसएक ग्रॅम असतात. परदेशी पाकिटं नसली तरी चालतील. गुळाचे खडे घ्या, खजूर घ्या, चिक्की घ्या, पाण्यात मीठ-साखर घ्या. भूक लागल्यावर खाऊ म्हणाल तर उशीर झालेला असतो, तहान लागल्यावर पिऊ म्हणाल तर त्याहून उशीर. आणि ट्यूब? सोलापूरच्या रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे आहेत हे तुमच्या आजोबांना ठाऊक होतं, तुम्हाला नाही. मागच्या रविवारी एकाची हवा गेली तेव्हा सहाजणांत मिळून एक पंप निघाला आणि ट्यूब एकही नाही. सहा चष्मे मात्र होते.

तुम्हाला वाटत असेल, म्हातारा जुन्या काळातला आहे, याला नवा खेळ कळत नाही. बरं, तुमच्या खेळातलंच सांगतो. 1934 च्या टूर द फ्रान्समध्ये रने व्हिएतो नावाचं वीस वर्षांचं पोरगं होतं, चढावर कुणाला ऐकत नव्हतं. पिरेनीज पर्वतात त्याचा संघनायक आंतोनँ मान्य याचं चाक मोडलं. व्हिएतोनं आपलं पुढचं चाक काढून त्याला दिलं आणि स्वतः दगडी कठड्यावर बसून रडला. मदतीची गाडी यायला वेळ होता, त्याची मिनिटं चालली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान्यची सायकल बिघडली, तेव्हा व्हिएतो पुढं होता. तो उलटा फिरून परत आला आणि पुन्हा मदत केली. मान्य शर्यत जिंकला, व्हिएतो पाचवा आला. तो रडला, लक्षात घ्या. हसत हसत त्याग करा असं मी तुम्हाला सांगत नाही. रडा, चिडा, नंतर मला येऊन शिव्या द्या. पण चाक द्या.

आणि राबणाऱ्याची पाळी कधी येतच नाही, हेही खोटं. 2023 साली सेप कस या अमेरिकी पोरानं रोग्लिचसाठी इटलीच्या जिरोत आणि विंगेगोरसाठी टूर द फ्रान्समध्ये घाटाघाटात ओढलं. दोघंही जिंकले. त्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टात कस एका फुटून गेलेल्या टोळीत पुढं निघाला, आघाडीवरच्याची लाल जर्सी त्याच्या अंगावर आली आणि शेवटी तो पहिला, विंगेगोर दुसरा आणि रोग्लिच तिसरा. तिघंही एकाच संघाचे. तुमच्या परवाच्या शर्यतीशी ताडून बघा. धाकटा असाच पुढं सुटला होता.

आपल्या मातीतलं हवं? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, दोघं सख्खे भाऊ. 2015 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांच्या संघानं पुरी केली, 8 दिवस, 14 तास, 55 मिनिटांत. एक चालवतो, दुसरा गाडीत झोपतो. मग तो उठतो आणि हा झोपतो. जवळपास 4,800 किलोमीटर. त्यात 'मी जास्त चालवलं, तू कमी' असा हिशेब मांडत बसले असते, तर पहिल्या वाळवंटातच परत फिरले असते.

2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हा तुम्ही गाडी करून गेला होता. पाच दिवसांत 437 किलोमीटर, देशोदेशीचे संघ, अगदी डोळ्यांसमोर. तुम्ही काय घेऊन आलात? टोप्या आणि व्हिडिओ. पाण्याच्या बाटल्या आणायला मागं कोण जातं, वाऱ्यात पुढं कोण राहतं, शेवटच्या किलोमीटरला कोण स्वतःला जाळून बाजूला होतं, हे बघून आलात का? नाही. तुम्ही फक्त जिंकणारा बघितलात. म्हणून सहाच्या सहाजणांना जिंकणारा व्हायचंय आणि बाटली आणायला कुणी नाही.

सोलापूरच्या माणसाला हे शिकवायला लागावं, याचंच मला नवल वाटतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना जातात. ती उंच काठी एका वेळी एकच माणूस पेलतो, पण बाराबंदी घातलेले बाकीचे काय करतात? तोल गेला तर सावरायला हात तयार, पेलणारा दमला तर दुसरा पुढं, आणि त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव. आपल्याच मानकऱ्याची काठी पाडायला धावलेला माणूस तुम्ही आजवर पाहिलात का? परवा तुम्ही पाचजण तेच करत होता.

आता धाकट्या, तू. मान वर कर. तुझ्यावर अन्याय झाला म्हणून तुला सोडीन असं वाटलं का? त्या तिघांत तू पाळ्या किती लांब घेत होतास? सांगलीचा पोरगा वीस सेकंद पुढं राहायचा आणि तू मिनिटभर. पुढं असल्याचं कौतुक तुलाही आवरलं नाही. शेवटी पाय त्याचेच शिल्लक राहिले. तू सापडल्यावर तो पुन्हा घोळक्याबरोबर चढला आणि चौथा आला, तू सतरावा. आणि त्या दिवसापासून तू कुणाशी बोलत नाहीस, सरावाला येत नाहीस. रुसून बसणं हासुद्धा अहंकारच आहे, फक्त त्याचं तोंड उतरलेलं असतं. चूक या पाचजणांची आहे, ती तू त्यांच्या तोंडावर सांग. सांगायची हिंमत नसेल तर तक्रारही करू नकोस.

आता पुढचं. रविवारी पहाटे साडेपाचला सात रस्त्यावर या. पावणेसहाला मी निघणार, उशिरा येणाऱ्याची वाट बघणार नाही. विजापूर रोडनं जायचं, सहाच्या सहाजणांनी एका रांगेत, ताशी 30 नं. 31 सुद्धा नाही. पाळी अर्ध्या मिनिटाची. काट्यावर वेग फक्त पुढच्यानं बघायचा, बाकीच्यांचे फोन माझ्या पिशवीत. प्रत्येक खड्डा हातानं आणि तोंडानं, दोन्हींनी. प्रत्येकाच्या खिशात दोन केळी, एक ट्यूब, आणि सहाजणांत तीन पंप. ज्याचा वेग पाळीत वाढेल तो पुढचा आठवडाभर सगळ्यांच्या बाटल्या भरेल. महिनाभर हेच, दुसरं काही नाही. महिन्यानंतर शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी विचारणार, उद्या कुणासाठी ओढायचं? सहाजणांनी एकच नाव घेतलं तर आपण शर्यतीला जाऊ. सहा नावं आली तर प्रवेश शुल्क वाचलं.

ज्याला हे जमणार नाही, त्यानं खुशाल एकट्यानं सायकल चालवावी. त्यात काही कमीपणा नाही. 200 किलोमीटरची बीआरएम फेरी साडेतेरा तासांत पुरी करावी, सिद्धेश्वराला प्रदक्षिणा घालावी, सकाळी ऑफिसला जावं. तो चांगला सायकलस्वार असेल. फक्त त्यानं आपल्या संघाची जर्सी धुऊन, इस्त्री करून शनिवारपर्यंत माझ्या घरी आणून द्यावी. ती घालायला गल्लीत अजून चार पोरं थांबलेली आहेत आणि त्यांच्या सायकली स्वस्तातल्या असल्या तरी ती ऐकून घेतात.